लवंगीने टाकून दिलेल्या किरट्या

रागीट माणसं पुष्कळ असतात, पण लवंगीचा राग ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. बाई अंगाने चिमूटभर. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसली की पाय जमिनीला लागत नसत, आणि लागत नाहीत याचाही तिला राग. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं मऊसूत होतं, पण ते कोणाच्या लक्षात नव्हतं. झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळे लवंगीच म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

एकदा इस्पितळाची लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली. आत लवंगी आणि दोन डॉक्टर. सोडवायला आलेला मेकॅनिक बाहेर बराच वेळ नुसताच उभा. आतून येणारा आवाज ऐकून, हे दार उघडावं की असू द्यावं, असा बिचाऱ्याला प्रश्न पडला. शेवटी उघडलं तेव्हा म्हणाला, "बाई, लिफ्टमध्ये काही बिघाड नव्हता हो, ती तुम्हाला घाबरून थांबली होती." लवंगीने त्याला खडसावलं, आणि मग स्वतः नेऊन चहा पाजला. तिचं सगळं असंच. आभाळ फाटायचं, आणि फाटून झालं की चहा.

तिचं खातं बुरशीचं. त्यातही यीस्ट. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं तेच, पण एका घरातली सगळी भावंडं एका स्वभावाची थोडीच असतात? पावातलं भावंड गरीब. त्याची चुलत भावंडं माणसाच्या आतड्यात मुकाट राहतात, आणि माणूस खंगला, पोटाला चीर पडली, मानेत सलाइनची नळी बसली, की रक्तात शिरतात. शिरली की मग तापाचा थयथयाट.

अशा पेशंटचं रक्त लवंगीकडे येई. काचेच्या चपट्या डबीत, जिला ते लोक प्लेट म्हणतात, शिजवून गोठवलेल्या खळीसारखं खाद्य असतं. त्यावर रक्त पसरायचं, प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरे ठिपके उठतात. प्रत्येक ठिपका म्हणजे यीस्टची एक वस्ती, म्हणून त्याला कॉलनी म्हणायचं. त्यातली एक तारेने अलगद उचलायची, नव्या प्लेटवर सारवायची आणि तिच्यावर औषध माखलेली कागदी पट्टी ठेवायची. औषध लागू पडत असेल तर पट्टीभोवती मोकळं तळं दिसतं, तिथे काही उगवत नाही. नसेल पडत तर यीस्ट पट्टीला बिलगून वाढतं, वेलीने कुंपणाला बिलगावं तसं.

आता कॉलनी कुठली उचलायची, यातच खरी हातोटी. लवंगीला शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गोल, गुबगुबीत आणि एकटी उभी असेल ती घे. पेरायला कोणी पोचट दाणा निवडतं का?" लवंगीने ते असं गिरवलं की तिच्या प्लेटा बघायला नवशिक्यांना मुद्दाम आणत. एकेक कॉलनी कशी, शर्टाच्या बटणासारखी. वेळ झाली की वाचायचं, रिपोर्ट लिहायचा आणि प्लेट लाल पिशवीत टाकायची. पिशवी गेली की ऑटोक्लेव्हच्या वाफेत सगळं उकडून निघे. मागे काडीची घाण नाही.

लवंगीची नणंद नवऱ्यामागे भावाकडेच राहायला आलेली. खालच्या खोलीत तिचं शिलाईचं दुकान. शाळांचे गणवेश शिवून शिवून तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर गेलेला. नणंद-भावजयीचं भांडण लग्नाच्या पहिल्या आठवड्यात खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून जुंपलं होतं, ते अजून चालू होतं. खिडकी मधल्या काळात दोनदा बदलून झाली. पण लवंगीची पोरगी वाढली ती त्या शिलाई मशीनच्या पायाशी, चिंध्यांत लोळून. लवंगी कामावरून यायची तेव्हा पोर जेवलेली असायची, वेणी घातलेली असायची, आणि वन्सं म्हणायच्या, "आलीस? घे तुझं सामान." एवढ्यात सगळं आलं.

त्या वन्संचं पोट दुखायला लागलं आणि त्यांनी ते लपवलं. आतड्याला भोक पडून इस्पितळात आणल्या तेव्हा लवंगी स्ट्रेचरशेजारून धावत होती.

"अहो वन्सं, एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"मग आता काय करतेय?"

"आता निदान गुंगीचं औषध तरी देतायत."

ऑपरेशन नीट झालं. मानेत नळी घातली, नळीतून अन्न-पाणी. आणि चार-पाच दिवसांनी हुडहुडी भरून ताप चढला. रक्त तपासायला आलं, आणि रक्तात यीस्ट निघालं.

नातेवाइकाचं रक्त आपण तपासू नये, असं शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. लवंगी तिच्यावर डाफरली, "मग कोण तपासणार? तू? तुझ्या प्लेटा बघितल्यात मी, शेवाळलेल्या डबक्यासारख्या!" आणि स्वतः बसली. प्लेटवर कॉलन्या सुरेख आल्या होत्या. त्यातली सर्वांत गोल उचलली, सारवली, तीन औषधांच्या तीन पट्ट्या लावल्या. तिन्हींभोवती लख्ख तळी. रिपोर्ट वर वॉर्डात गेला: कुठलंही द्या, चालेल.

पहिलं औषध सुरू झालं. दोन दिवस ताप जरा नमला आणि मग दुप्पट चढला. वन्सं शुद्धीत नव्हत्या. बोटं मात्र चादरीची कड दुमडत होती, दुमडून चिमटीत धरून पुढे सरकत होती, जशी काही तुरपाई चालली आहे.

लवंगी पहिली नर्सवर उखडली. "औषध वेळेवर देता की बाटली नुसती टांगून ठेवता?" मग सलाइनच्या पंपावर. मग घरी नवऱ्यावर, कारण तो काहीच बोलत नव्हता. "बहीण कोणाची आहे, तुमची की माझी?" तो म्हणाला, "तुझीच. माझ्याशी ती इतकं कधी भांडली नाही." लवंगीने भांडी आपटली.

वॉर्डाची डॉक्टरीण तरुण होती, आणि भलती उंच. लवंगीने तिचं नाव शिडी ठेवलं होतं. शिडीने दुसरं औषध दिलं. पुन्हा रक्त पाठवलं. या वेळी प्लेटवर कॉलन्या मोजक्याच होत्या. लवंगीने शोधून शोधून एक टपोरी मिळवली, पट्ट्या लावल्या, तळी तशीच लख्ख. आणि ताप तसाच. मग शिडी खाली प्रयोगशाळेत आली. दारातून वाकून आली आणि सरळ म्हणाली,

"बाई, तुमचा रिपोर्ट मला पटत नाही."

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले.

"काय पटत नाही?"

"तुमच्या पट्टीवर औषध चालतं, माझ्या पेशंटवर चालत नाही. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय, आणि पेशंटला बोलायची शुद्ध नाही."

"दोनदा केलंय मी! तिसऱ्यांदा म्हणायला ते काय पाढे आहेत?"

"मी तुमचा दोष काढत नाही हो..."

"मग काय काढताय? तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून हे करतेय मी. ती माझी नणंद आहे. माझी! तिच्या रक्तावर मी हलगर्जीपणा करीन? थांबा. पहिली प्लेट आणते. तुमच्या डोळ्यांसमोर धरते, आणि मग बघू कोण खोटं बोलतंय ते!"

तावातावाने ती मागच्या खोलीत गेली. एरवी ती प्लेट केव्हाच उकडून गेली असती. पण ऑटोक्लेव्ह बिघडला होता, त्याचा दुरुस्तीवाला उद्या-उद्या करत होता, आणि लाल पिशव्यांची चळत भिंतीशी लागली होती. त्या दुरुस्तीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत लवंगीने हातमोजे चढवले, पिशव्या उसवल्या, आणि वन्संच्या नावाची पहिली प्लेट काढली. खिडकीच्या उजेडात धरली.

गुबगुबीत कॉलन्या होत्या तिथेच होत्या, जरा सुकलेल्या. पण त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे वाचायच्या दिवशी काही नव्हतं, तिथे आता राईपेक्षा बारीक, मळकट ठिपके उठले होते. एकदोन नव्हे, टिपूर पसरलेले. धुळीसारखे.

"घाण बसलीय," ती स्वतःशी म्हणाली. मग दुसरी प्लेट काढली. तिच्यात टपोऱ्या मोजक्या, आणि किरट्यांची रांगोळी सांडलेली.

लवंगीने दोन्ही प्लेटा शेजारी धरून पुन्हा बघितल्या. कारण हे ठिपके तिने आज पहिल्यांदा बघितले नव्हते. कधी सुट्टी लागून आली, प्लेटा टाकायच्या राहिल्या, की ते दिसायचे. ती म्हणायची, किरट्या आहेत, अर्धमेल्या, मरतील. आणि टाकून द्यायची. अर्धमेली कॉलनी कोण तपासतं?

ती शिडीकडे गेलीच नाही. स्टुलावर चढली, तारेने एक किरटी उचलली, सारवली, पट्ट्या लावल्या. किरट्या वाढायला आळशी, त्यामुळे एक दिवस नुसता दात-ओठ खाण्यात गेला. त्या दिवशी तिच्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. त्यानंतरच्या सकाळी कपाट उघडलं तर यीस्ट तिन्ही पट्ट्यांना घट्ट बिलगून वाढलेलं. तळं नाही, डबकं नाही, थेंबभर जागा नाही. तिन्ही औषधं पचवून बसलेलं.

त्यामागचं गणित असं. भोक पडलेल्या होडीत एखादा माणूस बादलीने पाणी उपसत बसला, तर त्याला वल्हं मारायला सवड कुठली? त्याची होडी पुढे जात नाही, पण बुडतही नाही. या किरट्या तशाच. अंगातली चूल विझलेली, वाढ खुंटलेली, पण पेशीच्या कातडीत उपसायचे पंप बसवलेले, आणि ते अखंड चालू. औषध आत आलं की बाहेर. एका औषधाचा पंप दुसऱ्यालाही पुरतो. एवढ्यावरही न भागलं, तर औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदलून टाकतात. शिडीच्या औषधाने काय केलं? गुबगुबीत सगळ्या मारल्या. किरट्यांना रान मोकळं करून दिलं.

लवंगी वर वॉर्डात गेली. शिडी एका पेशंटची छाती ऐकत होती. तिचं होईपर्यंत लवंगी दात आवळून थांबली, आणि मग म्हणाली,

"तुम्ही बरोबर होतात. रिपोर्ट खोटा होता. मी चुकीची कॉलनी उचलत होते. हसायचं असेल तर पटकन हसून घ्या, मला काम आहे."

शिडी हसली नाही. तिचा चेहरा उतरला. "तिन्ही चालत नाहीत?"

"एकही नाही."

"मग राहिलं काय?"

"ते तुम्ही सांगायचं! डॉक्टर कोण आहे?"

"बाई, ओरडू नका, मीही घाबरलेय."

लवंगीवर उलट ओरडणारे पुष्कळ भेटले होते, पण 'मीही घाबरलेय' असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. दोघी नर्सेसच्या खोलीत बसल्या. शिडीने सांगितलं, एक फार जुनं औषध आहे. नर्सेस त्याला कापरं म्हणतात, कारण ते चढवलं की पेशंट थरथर कापतो. यीस्टच्या कातडीला ते भोकं पाडतं, पण मारण्याइतकं द्यावं तर मूत्रपिंडं जातात, आणि वन्संची आधीच दमलेली. दुसरं एक गोळ्यांचं औषध आहे. ते यीस्टला आतून मारतं, पण हल्ली यीस्ट त्याला दारातच अडवतं.

"दार लावलंय ना," लवंगी म्हणाली, "मग भिंतीतून जाऊ दे. पहिलं थोडंसंच द्या. मारू नका, नुसती भोकं पाडा. दुसरं त्यातून शिरेल."

"माझ्याही मनात तेच होतं. पण पेशंटवर करण्याआधी मला तुमच्या प्लेटवर बघायचंय."

"दोन पट्ट्या आडव्या-उभ्या लावते. एकीवर एक."

पण प्रयोगशाळेच्या साहेबांना हे मान्य नव्हतं. साहेब सज्जन, पण छापील कागदाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे त्यांना धाप लागे.

"कॉलनी मोठी आणि सुटी घ्यावी, असं पद्धतीत स्पष्ट लिहिलंय. आणि पट्ट्या एकमेकींवर? कोणाच्या परवानगीने?"

"यीस्टच्या."

"हे बघा, तुम्ही घरच्या माणसामुळे भावनेच्या भरात..."

"साहेब, घरचं माणूस नसतं तर मी त्या पिशव्या उसवल्या असत्या का? नसत्या उसवल्या! त्याच तर गोष्टीची आग लागलीय मला! मला अडवायचं असेल तर हात धरा, नाहीतर बाजूला व्हा."

हात धरायचं धाडस साहेबांनी केलं नाही. लवंगीने किरटी सारवली, एका पट्टीवर थोडंसंच कापरं आणि दुसरीवर गोळ्यांचं औषध माखून दोघींचा क्रूस करून ठेवला. वाट बघण्याच्या त्या वेळात शिडीने वन्संच्या मानेतली नळी काढली, कारण यीस्ट नळीत घर करून बसतं. लवंगी वॉर्डात गेली, चादरीवर चालणारी ती बोटं तिने हातात धरली. बोटांनी हिसका देऊन हात सोडवून घेतला आणि पुन्हा तुरपाई सुरू केली. "शुद्ध नाही तरी भांडतायत," लवंगी म्हणाली आणि रडली. रडताना कोणी बघत नाही ना, म्हणून आजूबाजूला रागाने बघितलं.

प्लेट काढली तेव्हा दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना यीस्ट मजेत बिलगलेलं होतं. पण जिथे पट्ट्या एकमेकींना छेदत होत्या, तिथल्या चारही कोपऱ्यांत स्वच्छ, रिकामी जागा होती. शिडी वाकून वाकून बघत राहिली. मग जिन्याने वर गेली, एकदम दोन-दोन पायऱ्या.

कापरं चढलं, अगदी थोडं. वन्सं इतक्या कापल्या की पलंगाचे गज वाजले. गोळ्या पोटाच्या नळीतून गेल्या. रोज मूत्रपिंडांची तपासणी, रोज लवंगीचा जीव टांगणीला, आणि रोज कोणाचं ना कोणाचं डोकं भादरलं जाणं. मग एके दिवशी सकाळी ताप चढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रक्ताच्या प्लेटा लवंगीने आठवडाभर उबेत ठेवल्या, रोज उजेडात धरून बघितल्या. किरट्या उठल्या नाहीत.

वन्सं उशीला टेकून बसायला लागल्या, आवाजाला जरा धार आली, त्या दिवशी लवंगी पलंगाशेजारी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. गाळलं काही नाही. वन्संनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हेच लवंगीला सोसवेना.

"शिव्या द्या ना वन्सं! अशा गप्प काय बसलाय?"

"देईन. आधी एक सांग. माझ्याआधी किती?"

"काय किती?"

"माझ्यासारखे. ज्यांना तू चालेल म्हणून लिहून दिलंस आणि चाललं नाही. त्यांच्या पिशव्या उसवायला कोणाची भावजय नव्हती."

लवंगीने मान खाली घातली. "कळायचा मार्ग नाही वन्सं. जुन्या पेशंटांचं यीस्ट फ्रीझरमध्ये जपून ठेवतो आम्ही, पण ठेवलंय ते सगळं गुबगुबीत. किरट्या उकडून टाकल्या. प्रत्येक वेळी. मीच."

वन्संनी तिच्याकडे बघितलं तेव्हा डोळे तापानंतर पहिल्यांदाच पूर्वीसारखे होते, सुईच्या टोकासारखे.

"आणि आता? आता बघता त्या?"

"मी बघते. बाकीच्या टेबलांवर अजून जुनंच. साहेब म्हणतात, एका पेशंटवरून पद्धत बदलत नसतात. वर विचारणा करू, म्हणतात."

"म्हणजे आज सकाळीसुद्धा त्या खोलीत कोणीतरी किरट्या फेकून दिल्या असतील."

"असतील."

"आणि तू इथे माझे पाय चेपत बसलीस?" वन्संनी पाय ओढून घेतला. "बाई, घरात खिडकीवरून आयुष्यभर माझं डोकं खाल्लंस. तेवढं तोंड त्या साहेबापुढे चालत नाही? ऊठ. माझ्यावर उपकार म्हणून नको, मला तुझा राग आलाय तो आलाच आहे, तो मी घरी आल्यावर सावकाश काढीन. आत्ता जा. आणि दार लावून भांडू नकोस, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

लवंगी उठली. लिफ्टची वाट बघायचं सोडून जिन्याने निघाली. प्रयोगशाळेत शिरली, उबेच्या कपाटातून तिने सगळ्या टेबलांच्या प्लेटा काढल्या, दोन्ही हातांवर चळत रचली, आणि साहेबांच्या खोलीचं दार पायाने ढकललं.

साहेब डबा उघडून बसले होते. "अहो, जेवतोय मी."

"झाकून ठेवा," लवंगी म्हणाली, आणि तिचा आवाज पार रक्त घ्यायच्या खिडकीपर्यंत गेला. "हात धुवा आणि खिडकीशी या. आजपासून आठवडाभर, रोज, या सगळ्या प्लेटा उजेडात धरून तुम्ही बघणार आहात. एकेक करून. मी इथेच उभी आहे."